पाचवा 'का'

रहाटणीच्या आमच्या सोसायटीत हिंगेकाकांसमोर कुणी तक्रार करत नाही. केली की ते शांतपणे विचारतात, "का?" आणि पाच वेळा विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होते. पार्ट रिजेक्ट झाला की तिथं सप्लायरकडून एक फॉर्म भरून घेतात. पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. काका रिटायर झाले, पण कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊनच घरी आले. लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी वॉचमनला पकडलं. चौथ्या 'का'ला वॉचमन सेक्रेटरींवर घसरला आणि पाचव्याला सेक्रेटरींनी राजीनामा दिला. एकदा आमच्याकडचे पोहे खारट झाले होते. तिसऱ्या 'का'ला प्रकरण माझ्या आईपर्यंत पोचलं, तेव्हा मी घाईघाईनं चहा मागवला.

गेल्या वर्षी काकांच्या पत्नी शैलाकाकूंना कावीळ झाली आणि तपासण्यांत पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. केमोनं आधी गाठ आक्रसली, मग पुन्हा वाढू लागली. हे कळलं त्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं मीच, त्यामुळे डॉक्टरांसमोर मीही होतो.

औषध का चालेना, असं काकांनी विचारलं. काही पेशी आत आलेलं औषध बाहेर फेकतात, असं डॉक्टर म्हणाले. का? त्यांच्यातले पंप वाढलेत. का? औषधातून ज्या पेशी वाचल्या, त्यांचीच पिलावळ आता वाढतेय. काकांनी चौथा 'का' विचारला आणि मी टेबलाखाली माझ्याच गुडघ्याला चिमटा काढला.

"ते अजून आम्हाला नीट माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "शोध चालू आहे. आपण औषधांची जोडी बदलून बघू."

काका उठले आणि त्यांनी डॉक्टरांशी हात मिळवला. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "इतकी वर्षं फॉर्म तपासले, राव. एकाही सप्लायरनं 'माहीत नाही' असं लिहिलं नाही. हा माणूस खरा आहे."

रविवारी मी डबा द्यायला गेलो, तर टेबलावर फॉर्म होता. तीन रकाने डॉक्टरांच्या उत्तरांनी भरलेले. चौथ्यात 'माहीत नाही'. पाचव्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काविळीआधी शैलाच्या अंगाला खाज सुटली होती. मी घामोळं म्हणालो. उशीर झाला. हिंगे.'

मी कागद उचलला. काका खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी माझ्या हातून कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि पाचवा रकाना सरळ रेघ मारून खोडला.

"कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नसतं," त्या म्हणाल्या. "कंपनीतल्या पोरांना हेच शिकवत होतात ना? तुमचं नाव इथं लागतं."

खाली 'उपाय' असा रकाना होता. त्यात त्यांनी हळूहळू लिहिलं, 'बुधवारी नवं औषध. सलाईन संपेपर्यंत शेजारी बसणे. जबाबदारी : हिंगे.'

काकांनी ते दोनदा वाचलं आणि रडू लागले. काकूंनी त्यांना रडू दिलं. मग पेन पुढे करून म्हणाल्या, "सही करा."