साडेदहा किलोचं स्थळ

आमच्या गावात सायकल विकत आणायला जाता येत नाही. सायकल मूल बघायला घरी येते.

पद्धत जुनी आहे आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मार्च संपता संपता मुलाचं परिचयपत्र बाबालाल तांबोळी यांच्या दुकानात नेऊन द्यायचं. बाबालाल पंक्चर काढतात, वाकलेली चाकं सरळ करतात आणि स्थळंही जुळवतात. संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी ते आलेली पत्रं सायकलींना वाचून दाखवतात. ज्या सायकलीला पत्र बरं वाटतं ती रविवारी अकराच्या पुढे बाबालालांबरोबर घरी येते. पोहे करावे लागतात. सायकल खात नाही, बाबालाल खातात. किंमत मात्र सायकल हो म्हणेपर्यंत विचारायची नाही, ते असभ्य समजतात. होकार किंवा नकार बुधवारी कार्डावर येतो.

माझी मुलगी शाल्मली यंदा चौथी पास झाली. पाचवीपासूनची शाळा वर पठारावर आहे. गावापासून चार किलोमीटर चढ, आणि त्या रस्त्याला एसटी नाही. पंधरा जूनला ज्याच्याकडे सायकल नसेल त्याचं नाव शाळेच्या पटावर चढत नाही. अशा मुलांना नातेवाइकांकडे पाठवतात. शाल्मलीसाठी सांगलीला माझी धाकटी बहीण कुमुद होती. तिच्या घरासमोरच शाळा आहे आणि तिनं एप्रिलमध्येच कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता.

शाल्मलीची आई जाऊन दोन वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. एक सांगलीला गेलं की किती उरतात, हे मी कोणाशी बोललो नव्हतो.

पहिल्या रविवारी लाल रंगाची एक सायकल आली. वजन सतरा किलो, लोखंडी बांधा, स्वभावानं फार मायाळू. तिनं शाल्मलीला कुठल्या गोष्टी आवडतात ते विचारलं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं. बाबालाल मला ओट्यावर घेऊन गेले.

"साहेब, घराणं चांगलं आहे. तलाठ्याच्या दोन्ही पोरांना हिनंच वाढवलं. पण वजन बघा. चढावर पोरगी सायकलवर बसायची नाही, सायकल ढकलत बसायची."

आम्ही नाही म्हटलं. आमच्या बाजूनं नाही म्हणण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

पुढच्या रविवारी निळी आली. ॲल्युमिनियमची, अकरा किलो, चोवीस इंची चाकं. हलक्या सायकली मोजकं बोलतात. तिनं शाल्मलीला अंगणातून चालून दाखवायला सांगितलं, मग "एका हातानं मला उचल" म्हणाली. शाल्मलीनं उचललं. सायकलीला ते आवडलं असावं, कारण तिनं पुढचं चाक थोडं तिच्याकडे वळवलं. मग ती मला म्हणाली, "वाढ किती?"

"काही नाही," मी म्हणालो. "पत्रात लिहिलंय तसंच."

पुढचं चाक सरळ झालं. बुधवारी कार्ड आलं: योग दिसत नाही.

तिसरीचं तसंच झालं. चौथी तर स्टँडवरसुद्धा उभी राहिली नाही. भिंतीला टेकून पाच मिनिटं थांबली आणि निघाली.

"बाबा, माझ्यात काय खोट आहे?" शाल्मलीनं विचारलं.

"काही नाही."

"मग तुझ्यात असेल," ती म्हणाली आणि उरलेले पोहे डब्यात भरायला लागली.

मी बाबालालांना विचारून पाहिलं. ते हातातला नट फिरवत म्हणाले, "आता काय सांगू साहेब. घरात बाईमाणूस नाही, म्हणूनही असेल." मी त्याच दिवशी पडदे धुतले आणि दारातल्या कुंड्यांना गेरू लावला. कुमुदचा फोन आला तेव्हा तिला कुंड्यांचंही सांगितलं.

"दादा, सायकली कुंड्या बघत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना घर कळतं. तू पोरीला पाठव इकडे. कप्प्यात मी डांबराच्या गोळ्यासुद्धा टाकल्यात."

"कार्ड पंधराच्या आत यायचं तर अजून एक रविवार आहे."

"एकच ना? मग बॅग भरायला घे."

मी बॅग माळ्यावरून काढली, पुसली आणि दाराआड ठेवली. शाल्मलीनं ती पाहिली. तिनं तिला मुद्दाम वळसा घातला आणि त्यानंतर दोन दिवस घरात जाता येता घालत राहिली.

सात जूनच्या रविवारी पाचवी सायकल आली. राखाडी रंग, सात गिअर, जाड खाचांचे टायर, पुढच्या चाकाच्या चिमट्यावर एक लांब ओरखडा. वजन साडेदहा किलो. दोन मुलं वाढवून आली होती आणि त्याचा तिनं आडपडदा ठेवला नाही. ओरखडा पहिल्या मुलाचा, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. मग शाल्मलीला जवळ बोलावून, दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन उभं राहायला लावलं. पाय टेकत होते, वर चार बोटं जागा राहत होती. बाबालालांनी बोटं ठेवून खात्री केली.

"मुलगी ठीक आहे," सायकल म्हणाली. "आता पत्राबद्दल. 'अपेक्षित वाढ' या रकान्यात 'निरंक' लिहिलंय. कोणी लिहिलं?"

"मी."

"का?"

मी पाटबंधारे खात्यात आहे. तिथे रकाना मोकळा ठेवता येत नाही. मोकळ्या रकान्यात मागाहून कोणीही काहीही लिहू शकतं. म्हणून सुचलं नाही की आम्ही निरंक लिहितो. हे मी तिला समजावून सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला सुचलं नाही."

"अशा गोष्टी तिची आई बघायची," मी म्हणालो. "शिवाय मला वाटलं, न वाढणारं मूल तुम्हाला बरं पडेल. सारखं सीट वर करायला नको."

"असं कोणी सांगितलं?"

"मीच धरून चाललो."

सायकलीचं मागचं चाक किंचित फिरून थांबलं.

"आम्ही तीन वर्षांच्या बोलीवर येतो," ती म्हणाली. "मूल वाढतं, आमच्यात मावेनासं होतं, मग आम्ही पुढच्या घरी जातो. निरंक म्हणजे आम्ही इथेच जन्मभर. तुमचं पत्र दुकानात वाचलं तेव्हा दोघीजणी तर मागच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या."

मी बाबालालांकडे बघितलं. "तुम्ही वाचलं होतं हे?"

"वाचलं होतं की," बाबालाल ताटलीतला शेंगदाणा निवडत म्हणाले. "मला वाटलं, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल. घरातली गोष्ट. कशी विचारायची?"

"म्हणून काका मला दर रविवारी पेरू आणत होते," शाल्मली म्हणाली.

"गोड होते ना पण?" बाबालाल म्हणाले.

सायकलीनं दुरुस्ती तिच्या समोर करायला सांगितली. मी पेन आणलं, निरंकवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि तारीख घातली. मग थांबलो. किती लिहायचं ते मला आताही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या लक्षात काही आलं असेल," सायकल म्हणाली. "दोन वर्षांत."

"तसं काही ठळक नाही."

"माझा निळा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला," शाल्मली म्हणाली. "तू म्हणालास, धुऊन आटला. चपला चावायला लागल्या, तर म्हणालास, पावसात भिजून आखडल्या. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा माझ्या हाताला लागायला लागला, तेव्हा तू फळी बघितलीस."

"फळी खाली आली असं वाटलं होतं," मी सायकलीला सांगितलं.

"आली होती का?"

"नाही. मोजली मी."

मी लिहिलं: वर्षाला सहा सेंटिमीटर. सायकलीनं वाचून घेतलं आणि खालचा रकाना दाखवला. तो सायकल परत जाण्याच्या तारखेचा होता. तिथेही मी निरंक लिहिलं होतं. रेघ मारली, सही केली, आणि तीन वर्षांनंतरच्या जूनची तारीख लिहायला घेतली. आकडे जरा हळू उमटत होते.

"नीट काढा," सायकल म्हणाली. "वाचता आली पाहिजे."

मी नीट काढली.

बुधवारची वाट बघावी लागली नाही. सायकल जागेवर हो म्हणाली. त्यानंतर किंमत विचारली. सहा हजार, घंटी धरून. मी सात बाजूला काढून ठेवले होते. बाबालालांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. आधीचे रिवाजाचे होते, हे आनंदाचे, असं म्हणाले.

निघण्यापूर्वी सायकलीनं एकच अट सांगितली. चढ सुरू होतो तिथपर्यंत पोचवायला यायला हरकत नाही. पण तिथून पुढे मागून बघायचं नाही.

"मागून कोणी बघत राहिलं की वजन वाढतं," ती म्हणाली. "साडेदहाचं तेरा-चौदा होतं. चढावर ते मुलाच्या पायावर येतं. आधीच्या घरी एक आजोबा गच्चीवरून बघायचे; पहिला महिना आम्ही शाळेत रोज उशिरा पोचलो."

"किती वेळ बघायचं नाही?"

"गिअरचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत."

संध्याकाळी कुमुदला कळवलं.

"निरंक?" ती म्हणाली. "दादा, तू खरंच निरंक लिहिलंस?"

"दोन्ही रकान्यांत."

"वहिनी असती तर तुला कोपऱ्यात उभा केला असता."

"हो."

"बरं. दिवाळीत चार दिवस तरी पाठव. आणि तूही ये."

पंधरा जूनला सकाळी शाल्मली सव्वासहाला तयार झाली. दप्तर पाठीला, पाण्याची बाटली सायकलीच्या दांड्याला. मी बाजूनं चालत गेलो. सीटला हात लावायला गेलो तर दोघींपैकी कोणीतरी "नको" म्हणालं. कोण ते कळलं नाही.

चढ पिठाच्या गिरणीपाशी सुरू होतो. तिथे सोळा-सतरा आईबाप आधीच येऊन उभे होते. सगळे रस्त्याकडे पाठ करून, गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून, एका ओळीत. कोणी घड्याळ बघत होतं, एकाच्या हातात विसरलेला डबा होता. शाल्मली म्हणाली, "जाते." मी म्हणालो, "ये." आणि वळलो.

एका बाईंनी सरकून मला जागा करून दिली.

"पहिलाच दिवस?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"हो."

"किती किलोची आहे?"

"साडेदहा."

"मग पोचेल. आमची बारा आहे, तरी पोचते." मग त्या हळूच म्हणाल्या, "मान आखडते सुरुवातीला. भिंतीवरच्या चुन्यात काहीतरी शोधत राहायचं. माझा एक हत्ती आहे."

मागे गिअर पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा आला, जरा वरून. मी माझ्यासमोरच्या चुन्यात बघायला लागलो.