नजरचुकीनं राहिलेलं नाव

मुळशीतल्या रिहे गावच्या एकनाथ पडळघरेच्या पिठाच्या गिरणीत कुणी नवखं दळण घेऊन आलं, की हमखास विचारायचं, "गिरणी बिघडली का हो?" गिरणी ठणठणीत असायची. आवाज शेखरचा असायचा.

शेखर म्हणजे 'तिसरी पाळी' या रॉक बँडचा गायक. पिंपरीच्या कारखान्यातल्या चार पोरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी हा बँड सुरू केला, एकच कॅसेट काढली आणि मग नोकऱ्या टिकवायच्या म्हणून गाणं सोडलं. कॅसेटमधलं शेवटचं गाणं 'भोंगा'. सात मिनिटांचं. त्याच्या शेवटी शेखर कारखान्याच्या भोंग्यासारखी जी आरोळी ठोकतो, ती बावीस सेकंद चालते. एकनाथनं घड्याळ लावून मोजली होती. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची, असं करत त्यानं ती एकच कॅसेट इतकी वर्षं जगवली होती. लग्न झाल्यावर आठ दिवसांत त्याच्या बायकोला, शुभांगीला, ते गाणं पाठ झालं. आवडलं मात्र अजून नव्हतं.

एकनाथची आयुष्यात एकच इच्छा होती: 'भोंगा' समोर बसून ऐकायचा. त्यामुळे हिंजवडीच्या अनिमेष नावाच्या हौशी तरुणानं गावातल्या हैबतरावांचं भाताचं रिकामं वावर भाड्यानं घेतलं आणि तिथं 'तिसरी पाळी' पुन्हा एकदा वाजवणार असं जाहीर केलं, तेव्हा एकनाथनं दोन दिवस गिरणी बंद ठेवली. त्याला काही सुचतच नव्हतं.

अट फक्त हैबतरावांची होती. "वावर माजं, तवा पैला मान गावाचा. सत्कार झाल्याबिगार पेटीला हात लावायचा न्हाई."

"आण्णा, त्यांच्यात पेटी नसती," एकनाथ म्हणाला.

"मंग जे काय आसंल, त्याला हात लावायचा न्हाई."

अनिमेष म्हणाला, "इट्स ओके सर, दहा मिनिटांत सत्कार उरकून टाकू." बिचारा नवीन होता. आमच्या मुळशीत दहा मिनिटांत फक्त 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' होतं.

गावातल्या लग्नांत माइकवर बोलायची सवय एकनाथला, म्हणून सूत्रसंचालनही त्याच्याच गळ्यात पडलं. पोलिसांची परवानगी संध्याकाळी सातपर्यंत, कार्यक्रम चारला. सत्काराची यादी आली चव्वेचाळीस नावांची. एकनाथनं पेन घेतलं आणि एकेका नावावर काट मारत ती एकोणीसवर आणली. एवढ्या निर्दयपणे त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं.

"अवो, इट्टलरावांचं नाव खोडलं?" शुभांगी ओरडली. "माजं मामा हायेत ते!"

"मामा हायेत म्हनून तर खोडलं. परक्याचं खोडलं आसतं तर भांडान झालं आसतं."

कार्यक्रमाच्या दिवशी पुढं खुर्च्यांवर गावची म्हातारी मंडळी लग्नाला यावं तशी टोप्या-नऊवाऱ्यांत बसली होती, आणि त्यांच्यामागं पुण्याहून आलेली काळ्या टी-शर्टांतली पोरं कापलेल्या भाताच्या टोचऱ्या सडांवर पाय सांभाळत उभी होती. एकनाथनं सत्कारांचा असा काही धडाका लावला, की एकाच्या खांद्यावर शाल पडायच्या आत दुसऱ्याचं नाव पुकारलेलं असायचं. भाषण कुणालाच नाही. चार पस्तीसला एकोणीस सत्कार संपले. हे मुळशी तालुक्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आणि तिथंच घात झाला. वीस वर्षांच्या सवयीनं एकनाथच्या तोंडून वाक्य गेलं, "नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व."

शहरात या वाक्यानं कार्यक्रम संपतो. आमच्याकडं सुरू होतो.

तिसऱ्या रांगेत विठ्ठलराव उभे राहिले. "माजं ऱ्हायलंय. आनि नजरचुकीनं न्हाई, ह्यानं पेनानं खोडलंय. शुभांगीनं सांगितलंय मला!"

"माजंबी!" मागून कुणी म्हणालं. "आमच्या दादांचंबी!" बघता बघता खोडलेली पंचवीसच्या पंचवीस नावं स्टेजच्या पायऱ्यांशी रांगेला लागली. अन्याय झालेला असल्यानं प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते. काळ्या टी-शर्टवाल्यांनी कंटाळून शिट्ट्या मारायला सुरुवात केली. वक्त्यांना वाटलं, भाषण आवडलंय. त्यांनी वाढवलं. शाली संपल्या, तेव्हा एकच शाल पुढून पांघरायची आणि मागून काढून घ्यायची, असं सुरू झालं. नारळाचंही तेच. विठ्ठलरावांनी मात्र आपला नारळ सोडला नाही.

शेवटी पावणेसहाला बँड स्टेजवर आला. शेखरच्या पोटावर गिटार आडवी टेकली होती आणि दाढी पांढरी झाली होती, पण पहिला ठोका पडला आणि एकनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अठ्ठावीस वर्षं पिठाच्या धुरळ्यातून ऐकलेला आवाज समोर उभा होता, घामेजलेला, खरा. त्याला आनंदानं मरावंसं वाटलं, पण 'भोंगा' ऐकून झाल्यावर.

पहिल्या रांगेत गावातल्या सर्वांत वृद्ध म्हणून सत्कार झालेल्या रंभाबाई बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला विचारलं, "ह्याला जेवाय घातलं न्हाई का गं कुनी? किती वरडतोय!"

पावणेसात झाले. शेखर धापा टाकत माइकजवळ आला. "आता शेवटचं. भोंगा."

काळे टी-शर्ट बेभान झाले. एकनाथच्या अंगावर काटा आला. सात मिनिटांचं गाणं, पंधरा मिनिटं हातात. अगदी बसत होतं.

तेवढ्यात हैबतराव स्टेजवर चढले आणि त्यांनी शेखरच्या तोंडासमोरून माइक ओढून घेतला. "वाईच थांबा पावनं. एक नाव खरंच नजरचुकीनं ऱ्हायलंय. दुसऱ्यांची खोडता खोडता ह्यानं सोताचं लिवलंच न्हाई. शुभांगीनं ध्यानात आनून दिलं म्हनून बरं. ह्या बँडचा रिह्यातला एकमेव भक्त, एकनाथ पडळघरे! सत्कार शेखररावांच्या हस्ते!"

शेखरनं ती फिरती शाल एकनाथच्या खांद्यावर टाकली आणि त्याला मिठी मारली. एकनाथचे पाय जमिनीला लागेनात. लोक ओरडले, "दोन शब्द! दोन शब्द!"

एकनाथनं माइक धरला. खरंच दोनच शब्द बोलायचं त्याच्या मनात होतं. पण अठ्ठावीस वर्षांत त्याचं हे कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. तो कॅसेट कुठं घेतली तिथून निघाला, पेन्सिलीपाशी आला, टेप कितव्या मिनिटाला खरखरते ते त्यानं आवाज काढून दाखवलं. हवालदारानं खालून मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. तेव्हा एकनाथ म्हणाला, "साहेब घड्याळ दाखवतायत. खरंय. वेळ कुणासाठी थांबत नाही." आणि त्यानं वेळेवर आणखी पाच मिनिटं घालवली.

"आणि आता," तो गहिवरून म्हणाला, "ज्या क्षणाची मी जन्मभर वाट पाहिली, तो क्षण..."

जनरेटर बंद झाला. सात वाजले होते.

काळे टी-शर्ट एकनाथच्या नावानं जे ओरडले, ते विनामाइकही पलीकडच्या माले गावापर्यंत गेलं असेल. तो स्टेजमागं जाऊन, शाल तोंडाला लावून बसला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. शुभांगी जवळ आली. "भाषान मातर लई झ्याक केलंत," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, हे त्याहून वाईट.

मग शेखर आला आणि त्यानं इकडंतिकडं बघून एकनाथचे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही वाचवलं मला. तो भोंगा आता माझ्याच्यानं होत नाही. तालमीत चार सेकंदांत खोकला यायचा. मी मनात म्हणत होतो, कुणीतरी भाषण करा रे."

एकनाथच्या तोंडावरची शाल खाली घसरली.

"माझ्या पोरीनं ती आरोळी कधी ऐकलीच नाही," शेखर म्हणाला. "माझ्याकडं कॅसेटसुद्धा उरली नाही."

एकनाथनं खिशात हात घातला. सही घ्यायला म्हणून आणलेली कॅसेट तिथंच होती. गिऱ्हाइकाच्या डब्यात आपलं शेवटचं मूठभर पीठ घालावं, तशी त्यानं ती शेखरच्या हातावर ठेवली. "पोरीला ऐकवा. मंग सवडीनं द्या धाडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू झाली. पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, रंभाबाई ज्वारीचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ कान दिला.

"एकनाथा, गिरनी बिघडली व्हय रं? आवाज न्हाई येत."

एकनाथनं कपाळाला हात लावला. मग हातातलं सूप खाली ठेवलं, दोन्ही हात कमरेवर घेतले, छाती भरून श्वास घेतला, आणि 'भोंगा' सोडला. भिंतीवरचं पीठ खाली आलं. कोंबड्या पळाल्या. शुभांगी लाटणं घेऊनच घरातून धावत आली. बावीस सेकंद झाले, तरी तो थांबला नाही.

रंभाबाईंनी समाधानानं डबा पुढं सरकवला. "हां, आता झाली सुरू. बारीक दळ."