वीस गुणांचं बदक

इयत्ता चौथी 'ब'च्या पालकांना सोमवारी दुपारी शाळेचं परिपत्रक आलं. सध्या प्रदर्शित झालेला 'बंबू बदक' हा कौटुंबिक ॲनिमेशनपट विद्यार्थ्यांनी पाहावा व त्याचं परीक्षण लिहून आणावं. परीक्षणास वीस गुण आहेत. चित्रपट पाहताना विद्यार्थ्यांनी आनंद घेणं अपेक्षित आहे. मात्र त्या आनंदाची नोंद सोबत जोडलेल्या विहित नमुन्यातच करावी.

सुदर्शनने ते ऑफिसात वाचलं आणि तो चक्क खूश झाला. बंबू बदक ही त्याच्या लहानपणची टीव्हीवरची मालिका. अग्निशमन दलात नोकरीला असलेलं हे बदक घंटा वाजली की खांबावरून सर्रकन घसरायचं आणि थेट पाण्याच्या बादलीत बसायचं. बादली बुडाला अडकायची. मग ते बादलीसकट आग विझवायला निघायचं आणि पोचेपर्यंत आग आपली आपणच विझलेली असायची. प्रत्येक भागात हेच. सुदर्शनचं गाव तेव्हा पुण्याच्या हद्दीत आलेलं नव्हतं आणि गावात टीव्ही दोनच. तो सरपंचांच्या खिडकीला लोंबकळून बघायचा. एकदा हसता हसता हात सुटून खाली आपटला आणि पुढचा दात पडला. त्या दाताचं त्याला आजतागायत दुःख नाही.

त्याची मुलगी उत्कर्षा नऊ वर्षांची. शहाणी, अभ्यासू, अक्षर मोत्यासारखं. पण पोर हसायची ती फक्त फोटोपुरती. फोटो निघाला की हसू आवरून ठेवायची. सुदर्शनला ते मनातून फार लागायचं. या पोरीने एकदा तरी दात पडेस्तोवर हसावं, एवढीच त्याची इच्छा होती आणि ते काम बंबूशिवाय कुणाला जमणार नाही अशी त्याची खात्री होती.

"शनिवारची तीन तिकिटं काढतो," त्याने घरी आल्या आल्या जाहीर केलं.

"चार काढ," त्याची बायको नम्रता म्हणाली. तिने नमुन्याची प्रिंट काढून फ्रिजला लावलीसुद्धा होती. "आशयाला चार, संस्कारांना चार, मूळ मालिकेशी तुलना चार, टापटीप चार आणि तीन पिढ्यांचा सहभाग चार. आबांना न्यावंच लागेल."

आबा म्हणजे सुदर्शनचे वडील, हिंदुराव. जमीन रस्त्यात गेल्यापासून ते गॅलरीत बसून तोच रस्ता बघत असत. "मला कशाला त्या पोरखेळात?" ते म्हणाले. पण आपण चार गुणांचे आहोत हे कळल्यावर त्यांनी फार ताणून धरलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांना कुणीतरी गुण देत होतं.

रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एकशे चौदा शंका आल्या. एका पालकांनी विचारलं, की मध्यंतरातले पॉपकॉर्न आशयात धरायचे की टापटिपीत? दुसऱ्यांनी विचारलं, की पाल्याने एकूण किती वेळा हसणं अपेक्षित आहे? यावर वर्गशिक्षिका निशा टीचर यांनी खुलासा केला, की हास्यस्थळं किमान पाच नोंदवावीत. प्रत्यक्ष हसणं ऐच्छिक आहे. एवढा स्पष्ट खुलासा झाल्यावर गोंधळ होणं क्रमप्राप्तच होतं आणि गोंधळ झाला की पुणेकर क्लास शोधतो.

सदाशिव पेठेत ज्याचा क्लास नाही अशी विद्या अजून जन्माला यायची आहे. बुधवारी सकाळी वैजनाथ सरांच्या जिन्यात पाटी लागली: 'बंबू बदक – तीन दिवसांची क्रॅश बॅच. जागा मर्यादित. चित्रपट पाहिलेला असण्याची आवश्यकता नाही.' नम्रताने मंगळवारीच नाव घातलं होतं. पाटी बघून धावणाऱ्यांना इथे जागा मिळत नसते.

सुदर्शन मुलीला सोडायला गेला आणि न राहवून त्याने विचारलं, "सर, मुलांनी आधी पिक्चर बघितला आणि मग क्लासला आली तर बरं नाही का?"

वैजनाथ सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण पहिल्यांदाच पालक झालात का?"

"हो."

"तरीच. गेल्या वर्षी त्या माकडाच्या पिक्चरला असाच एक विद्यार्थी आधी बघून आला होता. अकरा गुण पडले. त्याला तो नुसता आवडला होता."

"पण मुलं हसली तर—"

"हसणारं मूल सरासरी सहा सेकंद लिहीत नाही. नव्वद मिनिटांत विनोद चाळीस. म्हणजे चार मिनिटं कोरी गेली. एवढ्यात हुशार मूल संस्कारांचे चारही मुद्दे काढतं." "आपल्याला मुलीचं हसू हवंय की मुलीचं भलं, एवढं एकदा घरी ठरवून घ्या. फी परत मिळत नाही."

घरी ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उत्कर्षा दुसऱ्याच दिवशी पाठ म्हणून दाखवू लागली, "बंबू बादलीत पडतो, कारण त्याने पूर्वनियोजन केलेले नसते. यावरून घाई करू नये हा बोध मिळतो."

"अगं, बोध कसला!" सुदर्शन म्हणाला. " ती गंमत आहे. थांब, मी दाखवतो." आणि चाळिशीला टेकलेल्या, एका नामांकित कंपनीत चौदा जणांची टीम सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाने बाथरूममधली बादली आणली, सोफ्यावर चढला, सर्रकन खाली घसरला आणि बादलीत बसला. बादली अडकली. तो तसाच उठून बादलीसकट हॉलभर फिरला.

उत्कर्षाने पेन्सिल उचलली. "बाबा, हे 'मूळ मालिकेशी तुलना'मध्ये येईल का?"

"सरांना विचार," नम्रता स्वयंपाकघरातून म्हणाली.

बादली काढायला आबांना बोलवावं लागलं. ओढता ओढता ते म्हणाले, "तुला शिकवून सायब केला, त्यो ह्याच्यासाठी व्हय रं?" पण म्हातारा मिशीत हसत होता. त्या घरात त्या आठवड्यात हसलेला तो एकटाच.

शनिवारी स्वारगेटच्या कोंडीत पाऊण तास काढून चौघं थिएटरात पोचली. आत चौथी 'अ', 'ब' आणि 'क' सहकुटुंब हजर. प्रत्येक मुलाच्या मांडीवर परीक्षेचं पॅड, कानावर पेन्सिल आणि कपाळावर छोटा दिवा. हे दिवे वैजनाथ सरांकडे नोट्ससोबत मिळत. निशा टीचर पहिल्या रांगेत पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या, कारण त्यांना चित्रपट तपासायचा नव्हता, मुलं तपासायची होती.

दिवे मालवले. घंटा वाजली. बंबू खांबावरून घसरला, बादलीत बसला, बादली अडकली. तीस वर्षांत बदकाचा रंग उजळला होता, बादली प्लास्टिकची झाली होती, पण त्याचं ते बावळट तोंड तसंच होतं. सुदर्शनला हुंदका आला की हसू, त्याचं त्यालाच समजेना. सभागृहात मात्र शांतता. फक्त दीडशे पेन्सिलींचा खसखस आवाज.

"आयला, बसलं की बादलीत!" हिंदुराव गडगडाटी हसले. "सुदर्शन, तुझ्यावाणीच!"

दीडशे कपाळांचे दिवे एकदम त्यांच्याकडे वळले. निशा टीचर वाकून वाकून त्यांच्या रांगेपर्यंत आल्या. "आजोबा, प्लीज. मुलांचं नुकसान होतंय."

"बाई, पिक्चर हसायचाच हाय न्हवं?"

"आहेच ना. पण आता हसलात तर ते नोंदीत कुठे दाखवायचं? सहभागाचे दोन गुण मी कमी करू शकते, कल्पना आहे ना?"

आबांनी तोंडावर हात धरला. पण त्यांचं ते हसू शेजारी सांडायचं ते सांडलंच होतं. उत्कर्षाचे गाल फुगले होते. खांदे गदगदत होते. पेन्सिल दातांत धरून तिने हसू कसंबसं दाबलं आणि वर बापाकडे बघितलं. डोळे नुसते नाचत होते. हे नाचरे डोळे बघण्यासाठीच तर त्या माणसाने बादलीत बसकण मारली होती. आता त्याने फक्त हसायचं होतं, बाकीचं पोरीने केलं असतं.

सुदर्शनने पाहिलं, निशा टीचर अजून तिथेच उभ्या होत्या आणि त्यांचं पेन उघडं होतं.

"लिही, लिही," तो कुजबुजला. "हास्यस्थळ क्रमांक एक."

उत्कर्षाने पेन्सिल तोंडातून काढली आणि लिहून घेतलं. त्यानंतर शेवटपर्यंत तिने एकही मुद्दा सोडला नाही.

तिला वीसपैकी वीस मिळाले. आबांचे दोन गुण टीचरांनी मोठ्या मनाने कापलेच नाहीत. 'प्रस्तुत चित्रपट निर्मळ विनोदाच्या माध्यमातून नागरी आपत्ती व्यवस्थापनाची निकड अधोरेखित करतो,' अशा तडफदार वाक्याने सुरू होणारं ते परीक्षण शाळेने पालकांना पाठवलं, पालकांनी आपापल्या सोसायट्यांना पाठवलं आणि पुढच्या रविवारपर्यंत 'नऊ वर्षांच्या मुलीने लिहिलेलं, मोठ्यांनी वाचावं असं' या मथळ्याखाली ते पुणे ओलांडून गेलं. निवृत्त प्राध्यापकांनी भाषेचं कौतुक केलं. हल्लीच्या मुलांना मराठी येत नाही म्हणणाऱ्यांनी आपले शब्द सन्मानाने मागे घेतले. मंडईच्या चौकात वैजनाथ सरांनी उत्कर्षाचा फ्लेक्स लावला आणि पुढच्या बॅचसाठी शिफारशींच्या चिठ्ठ्या चालू झाल्या. बंबू बदक गुरुवारी थिएटरातून उतरला. परीक्षण इतकं परिपूर्ण होतं, की चित्रपट बघण्याची कुणाला गरजच वाटली नाही.

सुदर्शनला ते परीक्षण सतरा ग्रुपांवरून आलं. सतराही ठिकाणी त्याने हात जोडले. तो हे करत असताना आबा शेजारी बसून तेच परीक्षण आपल्या फोनवर वाचत होते. त्यांना भरभर वाचता येत नाही, त्यामुळे ते प्रत्येक ओळीखाली बोट धरून तळापर्यंत जातात.

"सुदर्शन," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. त्यांचं बोट शेवटच्या ओळीखाली थांबलं होतं. "पोरीनं खाली काय लिवलंय, वाचलंस का?"

"वाचलं हो, आबा," सुदर्शन मान वर न करता म्हणाला. "अख्ख्या पुण्याने वाचलंय."

त्याने वाचलं नव्हतं. नमुन्याच्या तळाशी 'इतर' असा एक रकाना असतो. त्याला गुण नाहीत, म्हणून सरांनी तो शिकवला नव्हता आणि टीचरांनी तपासला नव्हता. पण एकट्या सुदर्शनला कशाला बोल लावायचा? ते परीक्षण आपल्याकडेही आलं होतं. आपण त्याला अंगठा दाखवलात, 'वा! संस्कार!' असं लिहिलंत आणि आपल्या भाच्याला धडा मिळावा म्हणून ते पुढे ढकललंत. शेवटच्या ओळीसाठी 'अधिक वाचा' दाबावं लागत होतं, ते तेवढं राहून गेलं. मूळ कागदावर ती ओळ मोत्यासारख्या अक्षरात होती: 'मला हा पिक्चर एकदा नुसता बघायचा आहे. कोणी नेईल का?'