आरच्या अलीकडे थांबलेले पगारे काका

पगारे काकांनी आपल्या मेव्हण्याचं नाव ॲस्पिरीन ठेवलं, तेव्हा मी डी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला होते. माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं मला वाटलं.

"माणूस गुणाचा हाय," काका शांतपणे म्हणाले. "अडीनडीला धावून येतो, दुखणं थांबवतो. पण रिकाम्या पोटी त्याच्या वाटेला जायचं नाय. पोटात आग पडते."

आदल्या संध्याकाळी ॲस्पिरीनबद्दल हेच सगळं मी त्यांना शिकवलं होतं. माझ्या शिकवण्याला असं फळ येईल याची मला कल्पना नव्हती.

पगारे काका आमचे शेजारी. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालचा तो सुमार. द्वारका चौकापलीकडच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. काका मूळचे निफाडकडचे, पाटबंधारे खात्यात कारकून, पन्नाशी ओलांडलेले. इंग्रजी फायलीपुरतं. एका संध्याकाळी मी ओट्यावर अभ्यास करत बसले होते. ते आले, माझं औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, आम्हाला बी शिकवा."

"हे? कशाला काका?"

"माणसाला माहिती पाहिजे."

एवढंच. पुढे कुणीही विचारलं तरी उत्तर तेच. माझ्या वडिलांचा कयास असा, की निवृत्तीनंतर औषधाचं दुकान टाकायचा बेत आहे. आईचं मत, काकांना काहीतरी आजार आहे आणि ते तो लपवताहेत. मला दोन्ही पटेना. दुकान टाकणारा माणूस भाव विचारेल, आजारी माणूस लक्षणं विचारेल. काका यातलं काहीच विचारत नव्हते. त्यांना फक्त पुढचं औषध हवं असायचं.

पुढचं म्हणजे अगदी ओळीने पुढचं. पुस्तकात हृदयाची औषधं, पोटाची औषधं असे रीतसर धडे होते, पण काकांना ते मान्य नव्हते. शेवटच्या पानांवर ए पासून झेडपर्यंत नावांची सूची होती, ते तिथून शिकणार. "फायल वरून खाली वाचायची असते," ते म्हणत. त्यामुळे आज हृदय, उद्या जंत, परवा डोळ्यांत घालायचे थेंब, अशी आमची वरात चालायची. कॉलेजात मला जे थोडंफार सलग कळलं होतं, तेही विस्कटायला लागलं.

लक्षात ठेवायची त्यांची पद्धत नात्यागोत्याची. ॲट्रोपीन म्हणजे थोरली आत्या. "दारात दिसली की तोंडाला कोरड अन् डोळे मोठे." कॅस्टर ऑइल, म्हणजे आपलं एरंडेल, हे त्यांच्या हापिसातले साहेब. "नाव काढलं की पळापळ." डिजिटॅलिस म्हणजे सासरे. "बेतानं घ्यायचं. जरा कमी पडलं तर गुण नाय, जरा जास्त झालं तर माणूस जातो." सासरे वारून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्याबद्दल बोलताना काकांचा आवाज अजूनही खाली यायचा. नातेवाईक पुरेनासे झाले तेव्हा त्यांनी गावकीतली माणसं घेतली.

शब्दांचंही तेच. 'हायपर' म्हणजे जास्त आणि 'हायपो' म्हणजे कमी हे कळल्यापासून नळाचं पाणी हायपो झालं आणि भाजीतलं मीठ हायपर. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली लघुरूपं तर त्यांना फारच आवडली. चहा टी.डी.एस., म्हणजे दिवसातून तीनदा. दाढी ओ.डी., म्हणजे एकदा. आणि भांडण एस.ओ.एस., म्हणजे गरज पडली तरच.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, भोगलं मी. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी ॲट्रोपीनचे परिणाम विचारले, आणि माझ्यासमोर नऊवारीतली एक आत्या उभी राहिली, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं. "सर, ती दारात आली की..." मी सुरू केलं.

"कोण आली?" सरांनी दाराकडे पाहिलं.

पुढचं मी सगळं बरोबर सांगितलं, पण ते शेवटपर्यंत माझ्याकडे जरा काळजीनेच पाहत होते. पास झाले, हे नशीब.

आमची शिकवणी चालायची तेव्हा यमुनाकाकू, म्हणजे पगारे काकांच्या बायको, आत बसलेल्या असायच्या. काकू नामपूरच्या. पूर्वी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला नाही असा दिवस नसे. भाजीवाल्याशी, मांजराशी, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी, कुणाशीही त्या बोलत. रागावल्या की भाषा थेट माहेरची अहिराणी व्हायची आणि नवऱ्याशी बोलणं बंद. मग मला हाक. "शैला, सांग तुझ्या काकांना, दळण संपलं." काका तिथेच हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, तरी तेही म्हणायचे, "सांग तुझ्या काकूला, आणतो." मी शाळेत असल्यापासून हे टपालखातं चालवत होते.

अलीकडे मात्र त्या गप्प झाल्या होत्या. ब्लडप्रेशर निघालं होतं, गोळ्या चालू होत्या. स्वयंपाक करायच्या आणि मग भिंतीकडे बघत बसायच्या. आई म्हणाली, वय झालं. आम्हीही ते तेवढ्यावर सोडून दिलं.

पावसाळा सरता सरता काका क्यूला पोचले. हिवतापावरचं क्विनीन. "ही आई," ते लगेच म्हणाले. "कडू. पण वाचवलं तिनंच."

दुसऱ्या दिवशी मी आरचं पान काढलं. काकांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं. "आधी उजळणी. घे, ॲस्पिरीन."

घेतली उजळणी. मेव्हणा, आत्या, साहेब, सासरे, सगळी वरात पुन्हा क्यूपर्यंत आली आणि पुन्हा थांबली. "पाया कच्चा हाय," काका म्हणाले. "पहिल्यापासून घे."

मी वैतागले. "काका, आरमध्ये काय वाघ बसलाय का?"

घराच्या दाराकडे एकदा पाहून काका हळूच म्हणाले, "तुझ्या काकूची गोळी आरची हाय. रेसर्पिन. दुकानदाराकडून नाव पाठ करून घेतलं."

"मग आधी नाही का सांगायचं? पहिल्याच दिवशी तेवढं पान वाचलं असतं."

"म्हणून तर नाय सांगितलं."

मला काही उमजेना. मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात नामपूरला काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. भाऊ म्हणजे आमचा ॲस्पिरीन. त्याने कधीतरी चार माणसांत काकांना 'कारकुंडा' म्हटलं होतं, आणि काकांनी ते मनात धरलं होतं. ते स्वतः लग्नाला गेले नाहीत आणि काकूंनाही जाऊ दिलं नाही. त्याच सुमाराला काकूंना चक्कर आली, ब्लडप्रेशर निघालं, गोळी सुरू झाली. आणि त्या गप्प झाल्या.

"भांडली असती तर कळलं असतं," काका म्हणाले. "तुझ्यातर्फे बोलली असती. पण तुला बी काय सांगत नाय. आता हे गप्प बसणं गोळीनं हाय का माझ्यामुळं, कोणाला इचारू? डॉक्टरला सांगू, बायको बोलत नाय, औषध द्या?"

"काकूंनाच विचारा ना."

"इचारलं. म्हणती, काय नाय." त्यांचा हात अजून मिटलेल्या पुस्तकावरच होता. "पुस्तकात लिहिलं असंल की गोळीनं असं होतं, तर बरंच हाय. पण नसंल लिहिलं तर? मग ते माझंच झालं. अन् त्याच्यावर औषध कोणत्या अक्षरात हाय?"

मला एकदम रडू आलं. अक्षरामागून अक्षर, सगळे सोयरेधायरे गोळा करत हा माणूस एका पानाकडे निघाला होता, आणि त्याच पानाला इतका घाबरत होता. मी पुस्तक ओढून घेतलं आणि आरचं पान काढलं.

रेसर्पिन. सर्पगंधाच्या मुळीपासून काढतात. रक्तदाब उतरतो. त्याखाली दुष्परिणाम होते. नाक चोंदणं, सुस्ती. आणि मन खिन्न होणं, तेही हळूहळू, घरच्यांच्या लक्षात येणार नाही असं. तसं दिसलं तर डॉक्टरांनी औषध थांबवावं.

"परत वाच," काका म्हणाले. मी परत वाचलं. "आता इंग्रजीत वाच." तेही वाचलं. मग त्यांनी चष्मा लावला, मला त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं आणि स्वतः वाकून पाहिलं.

"छापील हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेले, बगलेत माझं पुस्तक. डॉक्टरांनी पुस्तक बाजूला ठेवलं, काकूंना बरंच काही विचारलं आणि गोळी बदलून दिली. फरक पडायला वेळ लागेल, म्हणाले. त्यानंतर काका रोज ओट्यावर यायचे, पण शिकायचे नाहीत. माझ्याकडे पाठ करून स्वतःच्या दाराकडे बघत बसायचे. पुस्तकात लिहिलंय तसंच घडेल, याची त्यांना खात्री नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी मी नळावर पाणी भरत होते, काका ओट्यावर पेपर वाचत होते. यमुनाकाकू दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"शैला," त्या म्हणाल्या. आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता. "सांग तुझ्या काकांना. मना भाऊनी पोरनं लगीन व्हतं, अन् माले जाऊ दिधं नही. माले याद शे."

काकांनी पेपर तोंडासमोर धरला. म्हणजे गोळीही होती आणि रागही होता. इतके महिने काका यातलं एक निवडत बसले होते.

मी ओट्याशी गेले. "काका, राग पण आहे."

"असू दे," ते पेपरामागून म्हणाले. "इतके दिवस तर ती कोणावरच रागावली नव्हती." मग त्यांनी बाहीने डोळे पुसले. "सांग तुझ्या काकूला, रविवारी नामपूरला जाऊ. तिच्या भावाच्या घरी. पोरीला लुगडं घेऊ."

मी दाराकडे वळून निरोप दिला. काकूंनी मी सांगून होईपर्यंत वाट पाहिली, मग मान हलवली.

"अन् सांग," काका म्हणाले, "निघताना घरून जेवून निघू. रिकाम्या पोटी नको."

तेही मी सांगितलं. काकूंना काही उलगडेना. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असं का," त्या म्हणाल्या, "इचार त्यांना."

मी कळशी खाली ठेवली, काकांकडे वळले आणि विचारलं.