रागीचं शेत

आमचे शेजारी व्यंकूअण्णा. त्यांना "तुमचं गाव कुठलं?" असं विचारण्याची चूक मी चामराजपेटेत राहायला आले त्याच आठवड्यात केली. अण्णा आत गेले आणि तीन जाडजूड अल्बम घेऊन आले. तळी, माळ, चिंचेची झाडं. माणूस औषधालाही नाही.

"ह्यातलं आता काहीच उरलं नाही," ते म्हणाले. "हेच आमचं गाव."

घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडं कन्नड मुलखात आलेलं. "पुण्यात आम्ही कन्नड, इथं मराठी. सरी. मग आम्ही फोटो काढतो." 'सरी' म्हणजे ठीक; अण्णांचा तो पूर्णविराम होता.

दर रविवारी ते देवनहळ्ळीच्या बसमध्ये बसत आणि मोकळं रान दिसलं की मधेच उतरायला बघत. कंडक्टर म्हणे, "अण्णा, इथं स्टॉप नाही."

"स्वल्प थांबव रे. पुढच्या खेपेला रान नसेल."

एकदा मीही गेले. नव्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, फाटकाशी मुनियप्पा नावाचा म्हातारा वॉचमन बसला होता. इथं आधी काय होतं, अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं.

"माझं रागीचं शेत," तो म्हणाला. "विकलं. आता तेच राखतोय."

त्या दिवशी अण्णांनी एकही फोटो काढला नाही. घरी येऊन चार दिवस जुन्या निगेटिव्ह उपसल्या. पुढच्या रविवारी आम्ही त्याच जागेचा एक मोठा केलेला जुना फोटो घेऊन परत गेलो. वाऱ्यानं कललेली रागी, विहीर, आणि लांब बांधावर एक बाई.

मुनियप्पानं फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघून बांधावर बोट टेकवलं. "आमची आई. तिचा फोटो नव्हता माझ्याकडं."

अण्णा खाली बघत म्हणाले, "मधे आली म्हणून मी तेव्हा चिडलो होतो."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. देवनहळ्ळी मागं पडल्यावर म्हणाले, "माझी बायको सुधा, वारेपर्यंत दर खेपेला बरोबर असायची. कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून माझ्या मागं उभी राहायची."

"त्यांचा फोटो कुठल्या अल्बममध्ये आहे?" मी विचारलं.

"एकदाही मागं वळलो नाही गं," अण्णा म्हणाले.