टोपाच्या मापाचं डोकं

मारोतीकाका टेकाम आधी माणसाचं डोकं मोजत, मग नाव विचारत. खिशात सुताची दोरी असे. मीटर पाहायला आलेला वीजवाला असो की मुलगी पाहायला आलेला पाहुणा, काका मागून जाऊन त्याच्या कपाळाभोवती दोरी फिरवत. "नाई जमत," म्हणत आणि दोरी गुंडाळून ठेवत.

पांढरकवड्यात मी बातमीदार होतो. काका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार आणि माझे शेजारी. पहिल्याच दिवशी माझंही माप झालं. "तुमचं डोकं बातमीचं हाय. कानाकडं रुंद." बसमध्ये एका कंडक्टरनं त्यांना विचारलं होतं, "काका, तिकीट काढता का टोपी शिवता?"

"टोपी नाई, टोप. अन् तुले कायले पाह्यजे? तुह्या डोक्यात निरे सुट्टे पैसे."

टोप त्यांच्या घरात आढ्याला टांगलेला असे. मोरपिसांचा, दोन बाजूंना शिंगं, मध्ये आरसे. दिवाळीत गोंडांची दंडार निघते. टोप घालून नाचतो तो गुसाडी, आणि तेवढे दिवस त्याला देव मानतात. ज्या गावाची दंडार आपल्याकडे नाचून, जेवून गेली, त्या गावी आपली न्यायची, असा रिवाज. काकांच्या झरीकडच्या गावाची अशी एक परतभेट राहून गेली होती. टोप काकांच्या घरचा, म्हणून गुसाडीही तेच ठरवणार.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावातली पोरं कामाला हैदराबादेकडे जात होती. दर दिवाळीला डोकी कमी होत गेली, आणि उरलेली काका नापास करत गेले.

एका दिवाळीच्या तोंडावर गावचे महाजन आले. सोबत त्यांचा पुतण्या भीमा. काकांनी दोरी फिरवली.

"नाई जमत."

"मारोती, यंदाही नाई गेलो तं ते गाव आपल्याले बोलावनं सोडन," महाजन म्हणाले. "आतून कपड्याची पट्टी हाय. ते सैल कर. कवापासून सांगून राह्यलो तुले."

काका दोरी गुंडाळत राहिले. महाजन माझ्याकडे वळले.

"याच्या पोराच्या मापानं बांधली हाय ते, साहेब. कापसाच्या पऱ्हाटीवर जहरी औषधाचा फवारा मारता मारता गेलं पोरगं. तवापासून हा त्याचंच डोकं शोधून राह्यला."

बाहेर कापसाची गाडी गेली.

काकांनी टोप उतरवला आणि मांडीवर पालथा घेतला. आतली पट्टी घामानं काळी पडली होती. गाठ जुनी होती, बोटांनी सुटेना. त्यांनी ती दातांनी सोडवली. पट्टी सैल करून पुन्हा बांधली आणि टोप भीमाच्या डोक्यावर ठेवला. तो नीट बसला.

"मान ताठ ठेव," काका म्हणाले. "आता कोनाच्याबी डोक्यावर येईन."