मधुकररावांचा काटा

गल्लीत कुणी वारलं की मधुकररावांना सांत्वनाला धाडायचं नाही, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. एका घरी सगळे 'देवमाणूस गेला' म्हणून रडत होते, तर हे म्हणाले, "देवमानूस कायचा? कापूस ओला करून काट्यावर आनत होता!"

तीस वर्षं ते अकोल्याच्या बाजारात कापूस तोलणारे मापारी होते. "काटा खोटं बोलत नाई भाऊ, अन् मी बी नाई," हे त्यांचं पालुपद.

या खरेपणानं घरातच घात केला. गावाहून आणलेल्या वडिलांची स्मरणशक्ती पार गेली होती. दिवेलागणीला ते विचारत, "मधू, बैलायनं चारा खाल्ला काय?" लागोपाठच्या नापिकीत बैलजोडी कधीच गेलेली. मधुकरराव सांगत, "बाबा, बैल इकले." म्हातारा रोज नव्यानं रडे आणि ताट सारून देई. महिन्याभरात हाडं दिसायला लागली. मला बघवेना.

शेवटी मीच मधुकररावांना सिनेमाला ओढून नेलं. त्यात अशीच एक स्मरणशक्ती गेलेली आई. वारलेल्या नवऱ्याची वाट पाहत उपाशी बसते. मुलगी म्हणते, "बाबांची गाडी लेट आहे, तू जेवून घे." आई जेवते.

मधुकरराव ताडकन उठले. "खोटं बोलून राह्यली ना ही! सख्ख्या मायसंग!"

"बैठो चाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. ते बसले. दुसऱ्या दिवशी मात्र एकटेच जाऊन पुन्हा तोच सिनेमा पाहून आले. तिसऱ्या दिवशीही.

"काहून हो?" मी विचारलं.

"मले जमते काय, पाहून राह्यलो. जमवाच लागते."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचा तो दिवस. बाजेवरून म्हाताऱ्यानं विचारलंच, "मधू, बैलायचे खांदे शेकले काय?"

मधुकरराव उठले. हळद-लोण्याची वाटी घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथून त्यांचा खणखणीत आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

"ढवळ्याले जास्त लाव रे, त्याचा खांदा दुखते."

"लावलं, बाबा."

म्हाताऱ्यानं ताट पुढं ओढलं आणि पहिला घास घेतला.

मी मागं जाऊन पाहिलं. मधुकरराव भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. भिंतीवर खांद्याच्या उंचीला लोण्याचे दोन पिवळे ठसे होते. एकावर लोणी खरोखरच जास्त होतं.